जुनाट दुखणं आणि औषधांचे प्रयोग : रत्नागिरीतून एक आढावा

रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात त्यांनी तो मुख्यतः पथ्यपाण्यावर सांभाळला, कारण पथ्याखेरीज खात्रीचा इलाज तेव्हा जगात कुणाकडेच नव्हता. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. इन्सुलिनचं इंजेक्शन माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं ते जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटोत. आज रत्नागिरी शहर सोडाच, देवरूख-लांज्याच्या मेडिकलमध्येही मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची पट्टी मागताक्षणी मिळते. तरीही मधुमेह असलेल्या घरात मेथीदाणे भिजत घातलेले असतात, बिवळ्याच्या लाकडाचा पेला असतो, कुणी आणून दिलेली चूर्णाची पुडी असते. खात्रीचं औषध हाताशी असताना माणसं आणखी काहीतरी का शोधत राहतात, आणि त्या शोधात त्यांच्या पदरात काय पडतं, हे पाहायला हवं.

शोधण्यामागे अडाणीपणा असतो असं मला वाटत नाही. 'ही गोळी आता आयुष्यभर' हे वाक्य पचवायला फार जड आहे. ताप आला, औषध घेतलं, उतरला, हा आपल्या मनातला आजाराचा नमुना. मधुमेह, संधिवात, दमा, थायरॉइड, सोरायसिस हे आजार त्यात बसत नाहीत. ते 'कंट्रोल'मध्ये राहतात, बरे होत नाहीत. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे असा अंदाज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून पुढे आला; इतक्या घरांत हे वाक्य कधी ना कधी ऐकवलं गेलं आहे. त्यात कोकणातली अंतरं. चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, पण दुखणं गुंतागुंतीचं निघालं की अजूनही मुंबई, पुणे नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं. तिथल्या डॉक्टरांकडे एका पेशंटला द्यायला मोजकी मिनिटं असतात. शेजारीण मात्र तासभर ऐकून घेते, आणि उठताना एक औषध सांगून जाते.

औषधं येतात तरी किती वाटांनी! परसातून येतात, चाकरमान्यांच्या बॅगेतून गणपतीत येतात, आखातात नोकरीला असलेल्या मुलाकडून माशाच्या तेलाच्या आणि कलौंजीच्या कॅप्सूल येतात. चेन मार्केटिंगवाला नातेवाईक नोनीच्या रसाची बाटली गळ्यात मारतो. कुणी हिजामा, म्हणजे कप लावून रक्त काढणं, करून घेतं, कुणी होमिओपॅथीच्या गोळ्या चालू करतं, कुणी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतं. गाऱ्हाण्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसाला धीर मिळतो आणि त्यासाठी कुठली गोळी बंद करावी लागत नाही.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका मावशींची औषधांची पिशवी मी जवळून पाहिली आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईडची एकत्र गोळी, गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन, लेबल नसलेल्या डबीत तपकिरी चूर्ण, अर्धी संपलेली नोनीची बाटली, कॅल्शियम, आणि जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली गुळवेलीची पूड. सकाळी कारल्याचा रस वेगळा. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, दुसरं काय घेता का?" मावशी म्हणाल्या, "नाय हो." बाहेर आल्यावर कारण कळलं: ओरडा बसेल याची भीती. एकादशीला उपास धरून ग्लिमेपिराईडची गोळी आणि वर कारल्याचा रस घेतल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले. घरच्यांनी त्याला अशक्तपणा मानलं. ती साखर धोकादायकरीत्या उतरल्याची खूण होती. पोटात अन्न नसताना ही गोळी साखर खाली ओढतेच, आणि कारल्याने त्यात भर पडू शकते. पिशवीतल्या एकेका वस्तूबद्दल बोलता येईल, पण माझा मुख्य आक्षेप त्या 'नाय हो'वर आहे. प्रयोग करण्यात गुन्हा नाही. लपवून, सगळं एकदम आणि नोंद न ठेवता करण्यात मोठा धोका आहे. आणि हे लपवणं एकट्या पेशंटच्या माथी मारता येत नाही. विचारणाऱ्याच्या सुरातही ते शिकवलेलं असतं.

वनस्पतींकडे वळू. त्यांना सरसकट भाकड म्हणणारे आणि सरसकट अमृत म्हणणारे, दोघांनीही सप्तरंगीकडे पाहावं. सह्याद्रीत मिळणाऱ्या या वेलीच्या मुळांचा काढा मधुमेहावर पूर्वापार दिला जातो. जपानी संशोधकांनी १९९० च्या दशकात सप्तरंगीच्या कुळातल्या वनस्पतींतून सॅलॅसिनॉल आणि कोटालॅनॉल ही द्रव्यं वेगळी केली. आतड्यात पिष्टमय पदार्थ फोडणाऱ्या विकराला ती अडवतात, म्हणजे अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या गोळ्या जे करतात तेच. परंपरेने खरोखर काहीतरी हेरलेलं होतं. पण बाजारात सप्तरंगी म्हणून अगदी वेगळ्या कुळातल्या झाडाची मुळंही विकली जातात, आणि पुडीत कोणती आहेत हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. शिवाय मुळं खणली की वेल मेली. मागणी वाढते तशी ती रानातून नाहीशी होते.

बिवळ्याचं, म्हणजे विजयसाराचं, काहीसं असंच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्याच्या अर्काची अनेक केंद्रांत चाचणी घेतली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. आकडा आशा वाटावी असा आहे. मात्र हे रुग्ण सौम्य मधुमेहाचे होते, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि दिवसाला २ ते ४ ग्रॅम असा मोजून अर्क दिला होता. रात्रभर पेल्यात ठेवलेल्या पाण्यात किती अर्क उतरतो हे कुणी मोजत नाही. पेला जुना झाला की आणखी कमी. जत्रेत पेला विकणारा हवाला या चाचणीचा देतो आणि वस्तू दुसरीच देतो.

जांभळाची बाजू याहून लंगडी. ब्राझीलमध्ये पोर्टो अलेग्रे इथल्या संशोधकांनी जांभळाच्या पानांच्या काढ्याची माणसांवर नीट चाचणी घेतली; साखर उतरली नाही. कारल्याबद्दल वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात पुरावा अपुरा ठरला. कारलं भाजी म्हणून उत्तम आहे, जांभूळही जरूर खावं.

आणि ज्या मेटफॉर्मिनला 'केमिकल' म्हणून नावं ठेवली जातात तिचा उगमही एका रोपट्यातच आहे. युरोपात मधुमेहासारख्या लक्षणांवर वापरल्या जाणाऱ्या गलेगा या वनस्पतीतल्या द्रव्यांवरून हा माग निघाला, आणि १९५७ मध्ये झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरने मेटफॉर्मिनचा माणसांवरचा उपयोग प्रसिद्ध केला. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन सापडतं, आणि त्यावरून घडवलेली टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही औषधं कर्करोगावर वापरली जातात. झाडपाला आणि औषध यांच्यात भिंत नाही, बरीच वर्षं खाणारा तपासणीचा रस्ता आहे.

त्या रस्त्यावरून मागे फिरलेलं एक कोकणी उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. कडू कवठीच्या बियांचं तेल कुष्ठरोगावर शतकानुशतकं वापरात होतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची इंजेक्शनं जगभर दिली गेली. ती विलक्षण दुखत, गुण कुणाला आला असं वाटे, कुणाला नाही. १९४० च्या दशकात सल्फोन गटातली औषधं आली, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आणि तेलाची जागा गेली. त्या तेलावर हयात घालवलेल्या डॉक्टरांनीच नवी औषधं हाती घेतली. ज्या उपचारपद्धतीत आजवर एकही औषध मोडीत निघालेलं नाही, तिच्यापासून मी सावध राहतो.

सांधेदुखीबाबत महाराष्ट्राने स्वतः महत्त्वाचं काम केलं आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. ग्रामीण भागात हे दुखणं किती पसरलेलं आहे ते त्यातून दिसलं. पुढे डॉ. चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेवर आयुर्वेदिक मिश्रणं, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक यांची थेट तुलना केली. ४४० रुग्ण, २४ आठवडे, कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुंठ, शल्लकी, गुळवेल, आवळा, गुग्गुळ यांची मिश्रणं वेदनेच्या बाबतीत इतर दोघांच्या तोडीस तोड ठरली. आयुर्वेदाच्या बाजूने इतका शिस्तीचा पुरावा विरळा. पण त्याच चाचणीत काही रुग्णांच्या यकृताचे आकडे वाढलेले आढळले, आणि संशोधकांनी ते झाकून ठेवले नाहीत. जाहिरातीत पहिली गोष्ट येते, दुसरी येत नाही. आमवातावर कोइम्बतूरला आयुर्वेदिक उपचार आणि मेथोट्रेक्सेट हे आधुनिक औषध यांची तुलना झाली, २०११ मध्ये ती छापून आली, दोन्ही गटांत सुधारणा सारखीच दिसली. मात्र रुग्ण होते अवघे ४३. एवढ्यावरून मेथोट्रेक्सेट सोडायचं नसतं, आणि एवढ्यावरून त्या वैद्यांना हसायचंही नसतं. मोठी चाचणी घ्यायची असते.

ग्लुकोसामाइनवर अमेरिकेत १,५८३ रुग्णांची चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. एकंदर रुग्णांत ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तरीही मावशींच्या पिशवीत ते आहे, आणि महिन्याच्या खर्चात बहुधा तेच सगळ्यांत महाग आहे. गुडघ्याला खरा आधार देतात ते मांडीचे व्यायाम आणि थोडं कमी झालेलं वजन. ते करून घेणारा फिजिओथेरपिस्ट गावात नसतो.

सांधेदुखी आणि कातडीचे विकार म्हटले की रत्नागिरी जिल्ह्यातली गरम पाण्याची कुंडं आलीच: दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरातली तुरळ, राजवाडी आणि आरवली, राजापूरचं उन्हाळे. शेकाने आखडलेले सांधे मोकळे होतात, वेदना काही काळ कमी होते, यात शंका नाही. आजार हटतो असं मात्र दिसलेलं नाही. कुंडावर जाणाऱ्या मधुमेह्यांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: पाय बधिर झाले असतील तर पाणी किती कढत आहे हे कळत नाही, भाजतं तेही कळत नाही, आणि ती जखम चिघळून पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते. आधी कोपर बुडवून पाहावा, किंवा बरोबरच्या माणसाला हात घालायला सांगावा.

'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हे वाक्य मी ज्या ज्या वेळी ऐकतो त्या वेळी मला गुळवेल आठवते. कोव्हिडच्या काळात घरोघर तिचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉ. आभा नागराळ आणि सहकाऱ्यांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही म्हणाले. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती छापली. लाखो लोकांनी काढा घेतला त्या मानाने हा आकडा लहान आहे. पण शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेली असते असे आजार, जसा आमवात किंवा काही थायरॉइडचे विकार, ज्यांना आहेत त्यांच्यात हा धोका जास्त दिसतो. आणि 'प्रतिकारशक्ती वाढवायला' म्हणून गुळवेल नेमकी त्यांनाच दिली जाते. हळदीचंही तसंच. आमटीतली हळद वेगळी आणि मिरीच्या अर्कासह दिलेलं कुर्क्युमिनचं कॅप्सूल वेगळं. कॅप्सूलने यकृत बिघडल्याचे रुग्ण अमेरिकेत नोंदले गेले आहेत. कोकमाच्या सालीत असतं ते हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल वजन उतरवायला म्हणून विकतात. सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तर वजनात फरक निघतो किलोभरापेक्षाही कमी, आणि या आम्लाच्या सप्लिमेंटवरही यकृताच्या तक्रारी आहेत. सोलकढी खुशाल प्यावी. नोनीच्या रसात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंड थकलेल्या माणसाला ते हृदय बंद पडण्यापर्यंत नेऊ शकतं.

लेबल नसलेल्या डबीबद्दल थोडं कडक बोलायला हवं. दोन दिवसांत दुखणं पळवणाऱ्या बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, हे आपल्याकडच्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक बंद केली तर माणूस कोसळतो. धातूंचाही प्रश्न आहे. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट सेपर यांच्या गटाने २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. चांगले वैद्यच या भेसळीवर सर्वांत आधी संतापतात, कारण बदनाम त्यांचं शास्त्र होतं.

होमिओपॅथीवर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सगळा पुरावा चाळला. खात्रीने उपयोग होतो असं म्हणता येईल असा एकही आजार त्यांना आढळला नाही. त्या गोळ्यांनी सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो त्यांच्यापायी सोडलेल्या औषधाने.

सप्लिमेंट सगळीच फुकट जातात असं मात्र नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं, आणि शाकाहाऱ्यांत ते मुळातच कमी असतं, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ही कमतरता किती सार्वत्रिक आहे हे दाखवून दिलं. मासे खाणाऱ्या कोकणात हा प्रश्न नाही असं वाटेल, पण माळ घातलेल्यांची ताटं वेगळी असतात. पायाला मुंग्या आल्या की साखरेवर बोट ठेवून मोकळं होतात. बी-१२ तपासून घेतलं तर कधी कधी साध्या गोळीने उतार पडतो. उलट ड जीवनसत्त्व कमी नसताना घेऊन काही साधत नाही. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर झालेल्या चाचणीत त्याने ना कर्करोग टळला, ना हृदयविकार, ना हाडं मोडणं. आठवड्याला घ्यायची ६०,००० युनिटची पुडी रोज घेणारे लोक आहेत. रक्तातलं कॅल्शियम चढून ते उलट्या आणि भ्रमाने रुग्णालयात दाखल होतात.

आता मूळ अडचण. जुनाट आजार भरती-ओहोटीसारखा चढतो-उतरतो. माणूस नवं औषध घेतो ते दुखणं असह्य झाल्यावर, म्हणजे भरतीच्या टोकाला. त्यानंतर ते आपोआपही उतरणारच असतं. उताराचं श्रेय हातातल्या पुडीला मिळतं, आणि तो अनुभव इतका खरा वाटतो की कुणाचं काही ऐकू येत नाही. यावर इलाज आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गायट यांनी १९८६ मध्ये एकाच रुग्णावर करायच्या चाचणीची पद्धत मांडली. काही आठवडे औषध, काही आठवडे तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी, आलटून पालटून, आणि रोजची नोंद. गावात बिनऔषधी गोळी कोण बनवणार? पण बाकीचं सगळं घरी जमतं. एका वेळी एकच नवी गोष्ट. सुरू करण्याआधी साखरेचा तीन महिन्यांचा आकडा, यकृतासाठी एस.जी.पी.टी. आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. कॅलेंडरवर रोज दुखण्याला शून्य ते दहा गुण. थांबण्याची तारीख आधीच ठरवलेली. फरक पडला असं वाटलं तर पंधरा दिवस बंद करून पाहायचं, परत दुखलं तरच पुन्हा सुरू करायचं. आणि हे सगळं डॉक्टरांना दाखवायचं.

नोंदीतून काय उभं राहतं याचा दाखला कोकणातच आहे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या एकेका रुग्णाची तासातासाला नोंद ठेवली, रक्तदाबासाठी बनलेलं प्राझोसिन वापरून पाहिलं, आणि लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू शंभरात एकाच्या आसपास आणले. 'लॅन्सेट'ने ते छापलं.

काही आजारांत मात्र प्रयोगाला जागाच नाही. लहान मुलांच्या मधुमेहात इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जीव जातो. 'आमच्या औषधाने इन्सुलिन सुटेल' असं सांगणाऱ्याला त्या मुलाच्या घराची पायरी चढू देऊ नये. फिट्सची गोळी, क्षयाची औषधं, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, मूत्रपिंड बदलल्यानंतरची औषधं यांचंही तसंच. मनाच्या गंभीर आजारातही. रत्नागिरीत इंग्रज अमदानीपासून मनोरुग्णालय आहे, तरी भगताकडे महिने घालवून मग तिथं पोचणारी कुटुंबं आजही आहेत, आणि बरं वाटलं की गोळ्या बंद करून पुन्हा तिथंच परतणारीही.

कायदा जुना आहे. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार मधुमेह, संधिवात, रक्तदाब अशा कितीतरी आजारांवर इलाजाची जाहिरात करताच येत नाही. जाहिराती मात्र रोज दिसतात. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीच्या प्रकरणात खडसावल्यावर काही महिने चर्चा झाली. गावातल्या भिंतीवरचे 'साखर मुळापासून' हे रंगवलेले शब्द कुणी पुसले नाहीत. ते पुसून घेण्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते. आणि औषध कुठल्याही पद्धतीचं असो, त्याने अपाय झाला असं वाटलं तर १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः कळवू शकतो. डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नाही. कळवताना डबी, पुडी, बिल, जे काही उरलं असेल ते जपून ठेवावं. पूड संपली असली तरी डबीच्या तळाशी चिकटलेलं चिमूटभर चूर्ण तपासणीला पुरू शकतं.